मेंढरं बसवायची हाक

मंडळी, या सदरातले अनुभव मी कित्येक महिने वाचतेय. आणि खरं सांगते, राग मानू नका, वाचून हसतेय. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघं मिळून हसायचो. विहिरीतून कोण बोलावतं, बाभळीखाली कोण उभं असतं... माझा यातल्या कशावरही काडीचा विश्वास नव्हता. लहानपण उघड्या माळावर मेंढरांमागे गेलं माझं. दिसायचंच असतं तर तेव्हाच काही दिसलं असतं, असं माझं साधं म्हणणं होतं. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर नवरा शेजारी बसून गालात हसतोय. हसू दे. तो त्या सकाळी हॉलमध्ये नव्हता.

मी माजलगावला योगाचे क्लास घेते. सकाळी सहाची बायकांची बॅच. जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाचा मागचा हॉल — वर पत्रे, पत्र्याखाली पारवे, एका टोकाला स्टेज आणि स्टेजवर नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या कायमच्या. मागच्या बाजूला एक दार आहे, ते आचाऱ्यांच्या मोकळ्या जागेत उघडतं. कारखाने सुरू झाले की बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जातात, गाणी लावून. बॅचमध्ये शिक्षिका आहेत, दुकानदारांच्या बायका आहेत, दोन नर्स आहेत, आणि सत्तरीच्या रखमाबाई आहेत, ज्या सुनेवर लक्ष ठेवायला म्हणून आल्या आणि सुनेने सोडलं तरी येत राहिल्या.

सुरुवातीला माझा क्लास फार वाईट होता. कारण माझा आवाज. मुळात तो माळरानावरचा, त्यात पत्र्याचा हॉल. मी 'श्वास घ्या' म्हटलं की बायका दचकून श्वास रोखायच्या. शवासनात तर एकीने मला स्पष्टच विचारलं, "मॅडम, झोपू म्हणताव का पळू म्हणताव?"

मग मी बीडला जाऊन एक कोर्स केला. तिथल्या बाईंचा आवाज सायीसारखा. तो तसाच्या तसा उचलून आणला मी. 'शरीर... सैल... सोडूया...' दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीत कुजबुज.

"मॅडमचा घसा बसलाय काय गं?"

"न्हाई गं, रुसल्यात वाटतं."

आणि सगळा हॉल फिदीफिदी. मीही हसले, पण घरी येऊन रडले. योग शिकवताना आवाजाचं काम काय असतं हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. समोरची बाई डोळे मिटून असते. तुमचा चेहरा नाही, हात नाही, तिच्याजवळ फक्त तुमचा आवाज असतो. 'घ्या' म्हणताना तो चढायला हवा, 'सोडा' म्हणताना उतरायला हवा, आणि उतरता उतरता तुमचाही श्वास संपायला हवा, नाहीतर ती बिचारी अर्ध्यातच अडकते. पुढे वाकून दाखवत बोललात तर शब्द सतरंजीत जिरतात आणि शेवटच्या ओळीला काहीच कळत नाही. हे सगळं मला वहीत लिहून दिलं होतं. जमत मात्र नव्हतं.

जमलं ते आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर धनगराचं. लिंबागणेशच्या गणपतीपासून तासाभराच्या चालीवर आमची वस्ती. आमच्याकडे शेतकरी रानाला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवायला बोलावतात — संध्याकाळी कळप रानात आणायचा आणि सकाळपर्यंत तिथेच बसवायचा. आता मेंढरांचं काय असतं, ती एकाच कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून गोळा होतात. मग खत पडतं एका जागी आणि बाकी रान कोरडं. आबांची ख्याती अशी की त्यांचा कळप रानभर सारखा पसरून बसायचा. काठी नाही, कुत्रं नाही. नुसती हाक.

ती हाक लिहून दाखवता येणार नाही, तरी सांगते. आधी जिभेने एक 'र्र्र्र', म्हणजे कान इकडे करा. मग एक लांब 'होऽऽऽ', खाली खाली उतरत जाणारा. आणि संपायच्या जरासं आधी आबा थांबायचे. एकदम गप्प. वाटायचं, विसरले की काय. त्या गप्प जागेतच मेंढरं गुडघे मोडायची. मग उरलेला तेवढासा 'हो', अगदी श्वासासारखा. सगळी बसली की आबा माझ्याकडे बघून हाताचा तळवा जमिनीकडे पालथा करायचे. म्हणजे, बसली. मी सात-आठ वर्षांची, मीही माझा एवढासा तळवा पालथा करायचे. आमचा तेवढाच खेळ होता.

"आबा, तू वरडत कावून न्हाईस?" मी एकदा विचारलं होतं.

"वरडल्यावर मेंढरू पळतंय, मंगे. आवाज मेंढरावर टाकायचा न्हाई. मेंढराम्होरं ठिवायचा. ते येतंय मग उचलायला."

बीडच्या कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नाही! मी आबांची हाक मनात धरून शवासन घ्यायला लागले. शब्द योगाचे, उतार आबांचा. 'सगळं शरीर सैल...' आणि मग ती गप्प जागा... 'सोडा.' महिन्याभरात बायका माझ्या शवासनासाठी यायला लागल्या. शेवटच्या ओळीत घोरण्याचे आवाज येऊ लागले. कुणी विचारलं, मॅडम कुठं शिकलात, तर मी 'बीडला' म्हणायचे. मेंढरांकडून शिकले असं कोण सांगणार?

आणि इथेच माझ्या मनात एक काटा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आठवी-नववीत असेन. आबांचा कळप आमच्या शाळेवरून जायचा. शाळेपाशी आले की आबा हमखास हाक मारायचे — माझ्यासाठीच, मी आत बसलेय म्हणून. वर्गातल्या पोरी हसायच्या, 'र्र्र्र' करून मला चिडवायच्या. एके दिवशी मी घरी जाऊन तणतणले, "आबा, शाळंपाशी हाक नको मारत जाऊ. मला लाज वाटती."

 दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कळपच ओढ्याच्या पलीकडून न्यायला सुरुवात केली. लांबचा रस्ता, पायाखाली सगळा दगड. एक शब्द बोलले नाहीत कधी. आणि मी, माझं शिक्षण झालं, लग्न झालं, दोन मुलं झाली, पण 'आबा, चुकलं माझं' एवढं म्हणायचं राहूनच गेलं.

मग आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचले, पण वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. तोंडातून मात्र शब्द नाही, हाकही नाही. मेंढरं चुलत भावाकडे गेली. तेव्हा मी वेड्यासारखे सगळ्यांचे मोबाईल तपासले. आबांचे फोटो होते, लग्नातले व्हिडिओ होते, पण हाक कुणाकडेच नव्हती. मुलांच्या स्नेहसंमेलनाची तासतासभराची रेकॉर्डिंग आहेत माझ्याकडे, आणि बापाचा आवाज नाही. त्या दिवशी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. ती हाक एकदा, फक्त एकदा कानावर पडावी, एवढंच मागणं उरलं होतं.

दर पंधरा दिवसांनी मी बीडला गाडी बदलून गावी जायचे. आबांच्या बोटांचा व्यायाम घ्यायचे, श्वास घे आबा, सोड आबा. ते माझ्याकडे बघत करायचे. असं सव्वा वर्ष गेलं.

या हिवाळ्यात माझाच घसा गेला. डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आल्यात, तीन आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. नाही ऐकलंत तर आवाज कायमचा खरखरीत होईल. मी क्लास बंद ठेवते म्हटलं — म्हणजे लिहून दाखवलं — तर बायका ऐकेनात. आशा नावाची माझी जुनी विद्यार्थिनी शाळेत शिकवते. ती म्हणाली, मी सूचना वाचते, तुम्ही करून दाखवा. तिने शवासन असं वाचलं की जणू ग्रामसभेची नोटीस! पण निभलं.

सातव्या की आठव्या दिवशी आशा आली नाही. तिच्या मुलाला ताप होता. मी करून दाखवत, टाळ्या वाजवत आसनं उरकली. बायका शवासनात झोपल्या. आणि मग पंचाईत. झोपलेल्या, डोळे मिटलेल्या बावीस बायकांना नुसत्या हातवाऱ्यांनी काय सांगणार? कुणी खाजवतंय, कुणी एक डोळा उघडून बघतंय, बाहेर ट्रॅक्टरवर गाणं. एकीचं पोट गुरगुरलं आणि तिघी हसल्या. मी मांडी घालून त्यांच्यासमोर बसले होते, ओठ घट्ट मिटून. मला त्या क्षणी आबांची आठवण अशी आली... सव्वा वर्ष हा माणूस असाच बसलाय, सगळं आत आणि बाहेर काही नाही. मला सात दिवसांत कळलं ते काय असतं.

आणि मागच्या दारातून आवाज आला.

आधी 'र्र्र्र'. मला वाटलं, पारवे उडाले. मग 'होऽऽऽ'. चढ नाही, घाई नाही, नुसता उतार. आपल्या बापाचा आवाज कोण ओळखणार नाही? तो उतरत उतरत हॉलभर पसरला. आणि संपायच्या जरासं आधी थांबला. ती गप्प जागा. देवाशपथ सांगते, त्या जागेत बावीस बायकांची अंगं एकदम सैल पडलेली मी डोळ्यांनी पाहिली. खांदे जमिनीला टेकले, पावलं बाहेरच्या बाजूला कलली. मग तो शेवटचा, श्वासाएवढा 'हो'.

मला उठून दाराकडे धावता आलं असतं. नाही धावले. मी तोंडावर ओढणी धरून, मान खाली घालून रडत बसले. किती वेळ, नाही सांगता येणार. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मान वर केली तर सगळ्या बायका उठून ताठ बसल्या होत्या. शवासनातून मी त्यांना बाहेर काढलंच नव्हतं. आमच्यात तो नियम असतो, झोपवलेल्याला आवाजानेच परत आणायचं, आधी बोटं, मग कूस, मग बसणं. मी काहीच बोलले नव्हते, आणि त्या हाकेनंतर मला काही ऐकूही आलं नव्हतं. मी बोलूच शकत नव्हते!

"मॅडम, आवाज आला की तुमचा!" नर्सबाई खूश होऊन म्हणाल्या. "आज लई छान सांगितलंत. बोटं हालवा म्हणलात तवा वाटलं, उठूच नये."

मी माझ्या गळ्याला हात लावून मान हलवली, मी नाही, मी नाही. कुणाला पटेना. फक्त रखमाबाई सतरंजी न गुंडाळता माझ्याजवळ आल्या. त्यांचं माहेर आष्टीकडचं, हे मला माहीत होतं, पण पुढचं माहीत नव्हतं.

"मॅडम, तुमच्यात मेंढरं हायत का?" त्या हळूच म्हणाल्या. "ही हाक मेंढरं बसवायची हाय. माजा बाप मारायचा. पर त्येची येगळी व्हती. ही कुणाची?"

मी दाराकडे गेले. बाहेर चुली, उलटी पातेली, एक कुत्रं झोपलेलं. माणूस नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजला. माय. माझ्या मायचा साधा बटणाचा फोन आहे, दोन नंबरचं बटण दाबलं की मला लागतो. त्या कॉलची वेळ अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, सहा अठ्ठावन्न. मी बोलू शकत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

"मंगे, ऐकतीस का? तुजा बाप बोलला गं! आत्ता! म्या चहा गाळत व्हते. आदी त्येनं हाक मारली, ती आपली मेंढराची. माज्या हातातलं गाळणंच पडलं. मी पळत भायेर आले, तर हे डोळे मिटून बसल्यालं. आन् मग बोलाया लागले, सपष्ट, एक शबुद अडकला न्हाई बग."

मी नखाने फोनवर टकटक केलं. म्हणजे सांग, पुढे सांग.

"म्हणले, हाताची बोटं हालवा. पायाची बोटं हालवा. घाई करू नका. सावकाश उजव्या कुशीवर वळा, आन् हाताच्या आधारानं बसते व्हा. कुणाला अहो-जाहो चाललंय म्या म्हणलं? मला जलमात कदी अहो म्हणलं न्हाई ह्यांनी!" माय हसत होती आणि रडत होती. "आन् मग गप झाले. आता बोलंनात. तू ये बरं."

मी दुपारी पोचले. आबा अंगणात बाजेवर, नेहमीसारखे. मी पुढ्यात बसून त्यांचा हात धरला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. शब्द नाही. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही.

आता तुमच्यातले हुशार म्हणतील, बोटं हलवायचं तर तूच त्यांना शिकवत होतीस, तेच ते बोलले. मलाही आधी तसंच वाटलं. पण आबांचं उजवं अंग निकामी आहे. उजव्या कुशीवर वळ, असं मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते मी फक्त क्लासमध्ये सांगते, आणि आबांनी माझा क्लास कधी पाहिलेला नाही. नवरा म्हणतो, कुणीतरी धनगर बाहेरून गेला असेल. माजलगावात, मंगल कार्यालयाच्या मागून, नेमकी माझ्या बापाची हाक मारत? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, लकव्याच्या माणसाची वाचा कधी कधी क्षणभर येते. बरं, येते. पण ती गावात येऊन माजलगावला ऐकू कशी गेली, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

माझा घसा सुटायला महिना लागला. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी गावी गेले. शनिवार अशासाठी की शनिवारी सकाळची शाळा असते, ऊन चढायच्या आत आबांना तिथवर नेता येतं.

चुलत भावाला म्हटलं, आबांची चाकाची खुर्ची काढ. माय म्हणाली, "कुठं नेतीस गं?" मी म्हटलं, "जुन्या रस्त्यानं." ओढ्याच्या पलीकडून नाही, सरळ शाळेवरून. मधली सुट्टी झाली होती. पोरं-पोरी कुंपणाशी चिंचा खात उभ्या. मी खुर्ची तिथेच थांबवली, आबांसमोर उकिडवी बसले, आणि इतकी वर्षं जे राहिलं होतं ते म्हटलं.

"आबा, माजं चुकलं. तू हाक मारायला पायजे व्हती."

आबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातून नेहमीच येतं, ते आजारपणाचं. हे डाव्यातून होतं.

मग मी उभी राहिले आणि भर रस्त्यात, शाळेसमोर, साडीतली पंचेचाळीस वर्षांची बाई, हाक मारली. 'र्र्र्र...' पोरं खो खो हसली. एकीने तर लगेच नक्कल केली. हसू दे म्हटलं. मी उतारावर आले, 'होऽऽऽ', आवाज थोडा फाटला, तरी सोडला नाही, पुढ्यात ठेवला. आणि संपायच्या आधी थांबले. हसणं हळूहळू विरलं. कुंपणाशी सगळी गप्प, तोंडातली चिंच तशीच. मी शेवटचा 'हो' सोडला.

खुर्चीत आबांनी डावा हात उचलला, हवेत जरा धरला, आणि तळवा जमिनीकडे पालथा केला.

मीही केला.

तर मंडळी, एवढंच. कुणाकडे याचं काही उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, या वेळी हसणार नाही. माझ्याकडे नाही. क्लास सुरू आहे, शवासन आता परत मीच घेते. फक्त शेवटच्या शब्दाआधी थांबते तेव्हा पूर्वीपेक्षा जरा जास्त थांबते, आणि मागचं दार उघडं ठेवते.